कोड ९३

मराठीत ‘विणकर’ म्हटलं की डोळ्यांसमोर माग येतो. इचलकरंजी, मालेगाव, येवला, पैठण. धोटा फेकणारे हात, तो खटखट आवाज. सुया घेऊन स्वेटर विणणाऱ्या बाईसाठी मात्र आपल्याकडे वेगळं नाव नाही. ती ‘विणकाम करते’, आणि तेही बहुतेक वेळा ‘फावल्या वेळात’. क्रियापद दोघांचं एकच आहे. कोष्टी साडी विणतो, आजी स्वेटर विणते. पण एकाच्या कामाला जात, पेठ, सोसायटी, संप, इतिहास असं सगळं मिळालं. दुसरीच्या कामाला प्लास्टिकची पिशवी मिळाली, जिच्यात सुया आणि अर्धवट स्वेटर ठेवून ती पिशवी पलंगाखाली सरकवता येते.

तंत्र म्हणून बघितलं तर ही दोन कामं एकमेकांपासून बरीच लांब आहेत. मागावर उभे धागे ताणलेले असतात, त्यांतून आडवा धागा खाली-वर जातो. सुयांवर मात्र एकच धागा असतो. त्याचा एक फास, त्या फासातून ओढलेला दुसरा फास, त्यातून तिसरा. अख्खा स्वेटर म्हणजे हजारो फासांची एक सलग रांग. म्हणून तो ताणला जातो आणि परत जागेवर येतो, कोपर-गुडघ्याला जुळवून घेतो. आणि म्हणूनच एक टोक धरून ओढलं की सगळाच्या सगळा उसवतो.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. विणकामात मला फक्त सुलट टाका येतो. हे सगळं वाचायला लागलो त्याला कारण आजीची वही. शंभर पानी, पाठीवर पाढे छापलेली, मधून शिवण सुटलेली. ती पुढून उघडली की नमुने आहेत आणि मागून उघडली की हिशोब. लेखात मी दोन्ही बाजूंनी येणार आहे, पण आधी थोडं लांबून यावं लागेल.

मोजे आणि मोडतोड

इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकसला सापडलेले लाल लोकरीचे मोजे लंडनच्या व्ही अँड ए संग्रहालयात आहेत. इसवी सनाच्या तिसऱ्या ते पाचव्या शतकातले. सपातांबरोबर घालता यावेत म्हणून त्यांना अंगठा वेगळा केलेला आहे. फोटो पाहून कुणीही म्हणेल की हे विणलेत. पण ते आजच्या अर्थाने विणलेले नाहीत. एकाच नेढ्याच्या सुईने, धाग्याचे छोटे तुकडे जोडत जोडत केलेलं ते काम आहे. दोन किंवा जास्त सुयांवर, सलग धाग्याने विणलेले सर्वांत जुने नमुनेही इजिप्तमधलेच, पण त्यानंतर कित्येक शतकांनी, साधारण अकराव्या ते चौदाव्या शतकांतले. निळ्या-पांढऱ्या सुताचे मोजे, आणि त्यांवर अरबी अक्षरांसारखी नक्षी.

त्याच काळात इजिप्तच्या फुस्तात शहरात गुजरातेत छापलेलं सुती कापड जात होतं. त्याचे तुकडे आज जगभरच्या संग्रहालयांत आहेत. म्हणजे आपला माल तिकडे जात होता, तरी हातावर विणण्याची कला आपल्याकडे घराघरात पोचायला आणखी कित्येक शतकं जायची होती. शब्द मात्र पश्चिमेकडूनच आला. ‘मोजा’ मूळ फारसी.

युरोपात गेल्यावर विणकाम हा बराच काळ पुरुषांचा संघटित धंदा होता. शहराशहरांत विणणाऱ्यांचे संघ होते. वर्षानुवर्षं उमेदवारी करायची, आणि शेवटी परीक्षेसाठी टोपी, सदरा, मोजे आणि फुलापानांचा रंगीत गालिचा विणून दाखवायचा. असे विणलेले गालिचे आजही शिल्लक आहेत. घराघरांत बायका-मुलं विणत होतीच, पण सनद, शिक्का आणि ‘उस्ताद’ ही पदवी पुरुषांकडे.

१५८९ मध्ये नॉटिंगहॅमजवळच्या कॅल्व्हर्टन गावच्या विल्यम ली याने मोजे विणायचं यंत्र केलं. हाताने एकेक टाका घ्यायचा, त्याऐवजी आकड्यांच्या रांगेवर अख्खी ओळ एकदम. कथा अशी सांगतात की पहिल्या एलिझाबेथ राणीने त्याला हक्कपत्र नाकारलं, कारण विणणाऱ्या गरिबांच्या पोटावर पाय येईल अशी तिला धास्ती होती. कथा खरी असो-नसो, ली फ्रान्सला गेला आणि तिकडेच हलाखीत वारला. यंत्र मात्र टिकलं.

सव्वादोनशे वर्षांनी त्याच नॉटिंगहॅमशायरमध्ये ती यंत्रं फुटायला लागली. १८११ चा मार्च. ऑफिसात कुणी नव्या टूलबद्दल कुरकुर केली की त्याला ‘लडाइट’ म्हणतात. शिवीच ती. हे मूळचे लडाइट कोण होते? मोजे विणणारे. आणि ते यंत्राच्या विरोधात होते हे अर्धसत्य आहे, कारण ते स्वतः पिढ्यानपिढ्या यंत्रावरच विणत होते. त्यांचं भांडण मजुरीशी होतं, आणि हलक्या मालाशी. रुंद कापड विणायचं, ते मोज्याच्या आकारात कापायचं, शिवायचं आणि स्वस्तात विकायचं असा प्रकार मालकांनी सुरू केला होता. कापलेली वीण उसवते. बदनामी विणणाऱ्याची आणि नफा मालकाचा. म्हणून ते निवडून यंत्रं फोडत होते. १८१२ मध्ये ब्रिटिश संसदेने यंत्र फोडण्याला फाशीची शिक्षा ठरवली. कवी बायरनने त्या विधेयकाविरुद्ध उमरावांच्या सभागृहात भाषण केलं. कायदा झालाच.

आमच्या क्षेत्रात सध्या रोज एक नवं यंत्र येतं. प्रत्येक वेळी मला हे लोक आठवतात. त्यांचा प्रश्न ‘यंत्र हवं की नको’ हा नव्हताच. मजुरी कोण ठरवणार, एवढाच होता.

सुया आपल्याकडे येतात

महाराष्ट्रात मेंढ्या भरपूर, धनगर भरपूर, लोकर भरपूर. पण दख्खनी मेंढीची लोकर राठ आणि केसाळ असते. तिचं घोंगडं उत्तम होतं. सणगर त्या सुताला चिंचोक्याची खळ लावतात आणि मागावर घोंगडी काढतात. ती पावसात पाणी झटकते, थंडीत ऊब देते, अंथरता येते, पांघरता येते. पण ते सूत सुईवर घेऊन बाळाचं टोपडं विणलं तर बाळ दिवसभर किरकिरेल. आपल्या हवेला आणि आपल्या मेंढीला घोंगडीच शोभत होती.

सुया आल्या त्या मिशनरी बायकांबरोबर. अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फॅरार १८२७ मध्ये मुंबईत उतरल्या. पुढे त्यांनी अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवल्या, आणि तिथेच १८६२ मध्ये वारल्या. अशा शाळांत वाचन-लेखनाच्या जोडीला सुईकाम असायचं. मुलीला शाळेत पाठवून ‘उपयोग’ काय, या प्रश्नाला ते दाखवता येण्याजोगं उत्तर होतं. पुढे सुधारकांच्या संस्था निघाल्या. पंडिता रमाबाईंचं शारदा सदन १८८९ चं, धोंडो केशव कर्व्यांचा विधवांसाठीचा आश्रम १८९६ चा, रमाबाई रानड्यांचं पुण्यातलं सेवासदन १९०९ चं. नवरा गेलेल्या बाईला स्वतःच्या पायावर उभं करायचं तर तिच्या हाताला काम हवं, हा विचार या सगळ्यांत होता.

इथे एक फाटा फुटतो. हाताचं तेच काम आश्रमातल्या बाईसाठी उपजीविका, आणि चांगल्या घरच्या सुनेसाठी ‘कला’. शिक्षक एक, धागा एक, टाका एक. फरक इतकाच की पहिलीने पैसे घेतले तर ती स्वावलंबी, दुसरीने घेतले तर घराण्याची अब्रू. आजीच्या वहीचा मागचा भाग घरात कुणी कधी का वाचला नसेल, याचं उत्तर बहुधा या फाट्यात आहे.

पुढची पानं

आजी साताऱ्याची. जन्म १९४४ चा. ती विणायला शिकली १९६२ च्या हिवाळ्यात. ऑक्टोबरमध्ये चीनचं युद्ध सुरू झालं. हिमालयात लढणाऱ्या जवानांकडे पुरेसे गरम कपडे नाहीत ही बातमी पसरली आणि देशभर बायका स्वेटर, मफलर, मोजे विणायला बसल्या. नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला असं तेव्हा म्हणत. ज्या जिल्ह्यात घरटी फौजी, तिथे या बातमीचा अर्थ वेगळाच होता. आजीच्या गल्लीत एका बाईंना विणता येत होतं. त्यांच्या ओसरीवर दहा-बारा मुली बसायच्या, सगळ्यांकडे एकाच हिरवट खाकी रंगाची लोकर. वहीचा पहिला नमुना तोच आहे: ‘जवानाचा मफलर. ९ नंबर सुया. २ सु. २ उ. शेवटपर्यंत.’

‘सु.’ म्हणजे सुलट, ‘उ.’ म्हणजे उलट. विणकामात टाके मुळात हे दोनच. बाकीचं सगळं यांच्यातून निघतं. प्रोग्रामिंग शिकलेल्या माणसाला शून्य आणि एक आठवणारच. आजीच्या वहीत चांदणीपासून चांदणीपर्यंतचा भाग परत करायचा असतो, तो आमचा लूप. ‘बाळ मोठं असल्यास ८ टाके वाढव’ ही अट. ओळीच्या शेवटी कंसात एकूण टाक्यांची संख्या, म्हणजे चूक त्याच ओळीत सापडावी, दहा ओळींनंतर नाही. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, आणि तिने आम्हाला विचारायचं काही कारणही नव्हतं.

पण साम्य इथेच संपतं, आणि मला त्याच्या पुढचं जास्त आवडतं. माझा कोड कुठल्याही मशीनवर चालवा, उत्तर एकच येतं. आजीचा नमुना दोन बायकांनी विणला तर दोन मापांचे स्वेटर होतात, कारण एकीचा हात सैल, दुसरीचा घट्ट. म्हणून वहीत नमुन्याखाली नोंदी आहेत: ‘माझा हात घट्ट, वहिनींना १० नंबर सुई सांगावी.’ सुयांचे नंबरही जुने इंग्रजी. आकडा मोठा तितकी सुई बारीक. अमेरिकन व्हिडिओतली ९ नंबरची सुई साडेपाच मिलिमीटरची, आजीची ९ नंबरची पावणेचारची. साम्राज्य गेलं, त्याची मोजमापं लोकरीच्या दुकानात राहिली.

लग्न होऊन आजी नाशिकला आली. नाशिकची थंडी स्वेटर मागणारी. वहीत आता बाळाचे सेट सुरू होतात: टोपडं, स्वेटर, पायमोजे. कुंची. हाफ स्वेटर, ‘व्ही’ गळा. नमुन्यांच्या समासात दोन-दोन इंच लोकर डकवलेली आहे. मध्यंतरी तिची परवानगी घेऊन मी त्यातले थोडे धागे जाळून पाहिले. खरी लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि बोटांत चुरा होणारी राख उरते. ॲक्रिलिक वितळतं आणि त्याचा कडक मणी होतो. साठच्या दशकातल्या धाग्यांची राख झाली. पंच्याहत्तरनंतरच्या पानांवरचे बहुतेक मणी झाले.

हा एका उद्योगाचा इतिहास आहे. पंजाबात धारीवालची लोकर गिरणी १८८० ची, कानपूरची ‘लाल इमली’ १८७६ ची. घरोघरी लोकर म्हणजे अशा गिरण्यांची लोकर. अमेरिकेत ड्यू पाँट कंपनीने १९५० मध्ये ॲक्रिलिक धागा बाजारात आणला, जपानी कंपनीचं ‘कॅशमिलॉन’ आलं, आणि आपल्याकडे तो ब्रँड धाग्याचं सर्वनामच झाला. स्वस्त, भडक रंगांचा, कसर न लागणारा, बादलीत धुता येणारा. आजी दोन्हींना ‘लोकर’च म्हणते. मी म्हटलं, अगं, ही लोकर नाहीच, प्लास्टिक आहे. ती म्हणाली, “पोराला ऊब आली ना? मग लोकर.”

खऱ्या लोकरीचा एक स्वेटर मात्र आमच्या घरात तीन जन्म जगला. आजोबांचा राखाडी स्वेटर कोपरांवर विरला. आजीने तो उसवला, लडी केल्या, धुतल्या, धाग्याची नागमोडी जाण्यासाठी खाली पितळी तांब्या बांधून वाळत घातल्या. त्यातून आत्याचा झाला. तोही उसवला, त्यातून बाबांचा हाफ स्वेटर. मागावरच्या कापडाचं फार तर पायपुसणं होतं. विणलेल्याचा परत धागा होतो.

मागची पानं

वही उलटी धरली की पहिली नोंद १९७६ ची. तारीख, आडनाव किंवा नुसतं ‘दुकान’, वस्तू, रंग, लोकर किती आली, किती उरली, मजुरी. नाशिकमधल्या एका लोकरीच्या दुकानातून तिला काम यायचं. गिऱ्हाईक लोकर तिथे घ्यायचं, विणणारी बाई दुकानदार सांगायचा आणि मजुरीतून आपला वाटा कापायचा. शेवटची नोंद १९८७ ची.

मी ही पानं एका स्प्रेडशीटमध्ये भरली. तीन रविवार लागले. ११ वर्षांत ३४१ नग. मजुरी एकूण १०,४६५ रुपये. पूर्ण बाह्यांचा पुरुषी स्वेटर विणायला साधारण ५० तास लागायचे असं आजी सांगते. १९८४ मध्ये त्याची मजुरी ४५ रुपये. म्हणजे तासाला ९० पैसे.

मग मी वर्षांप्रमाणे बेरजा केल्या. १९८३ ते १९८६ या तीन वर्षांत काम एकदम वाढलेलं दिसतं. ११२ नग, ४,७४० रुपये. ही आत्याच्या कॉलेजची तीन वर्षं. आमच्या घरात सगळे एकच सांगतात की आजोबांनी कारकुनी पगारात मुलीला शिकवलं, तेव्हा नातेवाईक नावं ठेवत होते तरी शिकवलं. ते खोटं नाही. पण मी बाबांना ही शीट दाखवली तेव्हा ते म्हणाले, “अरे, आईचा तो टाइमपास होता. तिला आवडायचं.” आवडत होतंच. मलाही माझं काम आवडतं. माझ्या पगाराला कुणी टाइमपास म्हणत नाही.

आत्याला फोन केला. ती म्हणाली, “फी भरायला मी दादांबरोबर जायचे. पण आदल्या रात्री डब्यातून पैसे आई काढायची, ते मी बघितलंय. पुस्तकांचे आणि बसच्या पासाचे तर सरळ तीच द्यायची.” मग थोडं थांबून म्हणाली, “तू विचारलंस म्हणून सांगितलं. एरवी यात सांगण्यासारखं काय आहे?”

इथे लेखाच्या शीर्षकाकडे येतो. भारत सरकारच्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात प्रत्येक माणसाला तो वर्षभर मुख्यतः काय करतो त्याचा एक दोन अंकी कोड मिळतो. स्वतःचा धंदा असेल तर ११. नियमित पगार असेल तर ३१. विद्यार्थी ९१. फक्त घरकाम करणारी ९२. आणि घरकाम करून शिवाय सरपण-चारा गोळा करणारी, घरच्यासाठी शिवणारी, विणणारी वगैरे, तिला ९३. ९२ आणि ९३ हे दोन्ही कोड श्रमशक्तीच्या बाहेर मोजले जातात. बेरोजगारसुद्धा (कोड ८१) श्रमशक्तीत असतो. ९३ नसते.

या नियमांत एक गंमत आहे. घरापुरतं धान्य पिकवलं किंवा मेंढ्या पाळून लोकर काढली तर ते आर्थिक काम धरतात, विकलं नाही तरी. पण त्याच लोकरीचा घरापुरता स्वेटर विणला तर धरत नाहीत. कच्चा माल मोजला जातो, त्याचं कापड करणारे हात नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या राष्ट्रीय लेखांच्या चौकटीत घरच्यासाठी केलेल्या वस्तूंना उत्पादन म्हणून जागा आहे. आपल्या रोजगाराच्या मोजणीत तेवढीही नाही.

पण आजी तर मजुरी घेत होती. तिला ११ मिळायला हवा होता ना? ते सर्वेक्षकाने काय विचारलं आणि दाराशी कोण आलं यावर अवलंबून. मी एकदा तिला सहज विचारलं, तेव्हा कुणी विचारलं असतं की तुम्ही काय करता, तर काय सांगितलं असतंस? क्षणाचाही विचार न करता ती म्हणाली, “काही नाही, घरीच असते.”

असं सांगणाऱ्या बायका देशभर होत्या आणि आहेत. विड्या वळणाऱ्या, पापड लाटणाऱ्या, गोधड्या शिवणाऱ्या, कपड्यांना बटणं लावणाऱ्या. इला भट्ट यांनी १९७२ मध्ये अहमदाबादला ‘सेवा’ ही संघटना उभारली तेव्हा पहिली अडचण हीच होती की ज्यांना ठरावीक मालकच नाही त्या कामगार कशा, आणि त्यांची युनियन कशी? घरात बसून दुसऱ्यासाठी काम करणाऱ्यांना इतर कामगारांसारखी वागणूक मिळावी असा करार आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ मध्ये केला. त्यामागे या बायकांचा रेटा होता. भारताने तो करार अजून मंजूर केलेला नाही.

आजीचं काम १९८७ ला का थांबलं? लुधियानाचे मशीनवर विणलेले तयार स्वेटर दुकानांत लागले. लोकर आणि मजुरी मिळून जेवढे पैसे व्हायचे त्याच्या आतच तयार स्वेटर मिळायला लागला. तिने काही फोडलं नाही, कुणाशी भांडली नाही, तिच्यासाठी कुठला कायदाही करावा लागला नाही. मुळात जे काम नव्हतंच ते गेल्याची नोंद कोण करणार? नॉटिंगहॅमच्या विणणाऱ्यांना इतिहासाने निदान शिवी म्हणून तरी लक्षात ठेवलं.

मी तिला विचारलं, हा हिशोब कुणासाठी ठेवलास? मला वाटलं होतं ती आत्याचं नाव घेईल. ती म्हणाली, “कुणासाठी नाही. कुणाची लोकर किती उरली ते लिहून ठेवावं लागतं, नाहीतर लोक म्हणतात बाईने ढापली.” म्हणजे मी ज्याला पुरावा समजत होतो तो तिच्यासाठी बचाव होता. तरीही तो पुराव्याचं काम करतोच. उरलेली लोकर गिऱ्हाइकाने ‘राहू द्या’ म्हटली की तिथे एक छोटी फुली आहे. त्या फुल्यांच्या रंगांतूनच बाबांचे पट्ट्यापट्ट्यांचे स्वेटर झाले. शाळेच्या फोटोत बाबा त्यातलाच एक घालून उभे आहेत. हा फोटो मी त्यांना शीटशेजारी ठेवून दाखवला. ते बराच वेळ पट्टे मोजत बसले.

शीटमध्ये मी एक नवा रकाना घातला आहे: ‘व्यवसाय’. ३४१ ओळींमध्ये ‘विणकर’ लिहिलं, शब्द मागवाल्यांचा आहे हे माहीत असूनही. आजी म्हणाली, “एवढं लिहायची गरज होती का?” पण पुसायला सांगितलं नाही.

शेवटची ओळ अशी आहे: १९८७, जानेवारी. बाळाचा सेट, पिस्ता रंग, लोकर सहा गुंड्या, उरली अर्धी, परत दिली. मजुरी बाकी. ती कुणाकडे बाकी आहे ते तिला अजून आठवतं. नाव विचारलं तर सांगत नाही.